हत्तींच्या वाटेने चौदा दिवस: गॅबनचं वर्षावन

गॅबनचं क्षेत्रफळ 2,67,667 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंसं लहान. लोकसंख्या मात्र 25 लाखांच्या घरात, आणि तीही बहुतेक शहरांत एकवटलेली. देशाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. 2002 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमार बोंगो यांनी एकाच वेळी 13 राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली आणि देशाची सुमारे 11 टक्के जमीन संरक्षणाखाली आली.

हे आकडे वाचून निघालेल्या मराठी माणसाच्या मनात ताडोबा असतो: जिप्सी, पाणवठा, समोर प्राणी. इथे तसं होत नाही. वर्षावनात नजर पंधरा-वीस मीटरवर अडते. प्राणी दिसतो तो वाटेवर, फळलेल्या झाडाखाली, पाण्याकाठी, नाहीतर जंगल संपून गवत किंवा समुद्र सुरू होतो त्या कडेला. या सगळ्या जागा जोडणाऱ्या वाटा हत्तींच्या आहेत. खालचा बेतही त्याच वाटांनी जातो.

महिना ऑगस्ट. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथे मोठा कोरडा ऋतू असतो. पाऊस जवळजवळ नाही, पण आभाळ सतत झाकोळलेलं आणि हवा गार. या दिवसांत मॅन्ड्रिल माकडांचे प्रचंड कळप लोपे राष्ट्रीय उद्यानात सापडतात आणि किनाऱ्याजवळ कुबड देवमासे येतात. समुद्राच्या वाळूत फिरणारे हत्ती आणि लाटांत उतरणारे पाणघोडे बघायचे तर नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळी काळ बरा, कारण तेव्हा किनाऱ्यालगतचं गवत कोवळं असतं. समुद्री कासवांची अंडी घालण्याची वेळही तीच. दोन्ही एका फेरीत जमत नाही, आधीच एक निवडावं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्ट निवडावा, कारण तेव्हा वाटा चालण्याजोग्या असतात.

निघण्याआधीची तयारी थोडक्यात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, गॅबनमध्ये शिरताना लागतं आणि भारतात परततानाही. ते नसेल तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. इथला मलेरिया फॅल्सिपेरम, म्हणजे सर्वांत घातक जातीचा आहे, तेव्हा प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण कराव्यात. कपडे फिक्या मातकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला खेचतो, म्हणून तिला पकडायचे सापळेही त्याच रंगांचे करतात. दुर्बीण 8×42, कारण झाडीखालच्या अंधारात 10 पटीच्या दुर्बिणीतली हलणारी प्रतिमा उपयोगाची नाही. चिमुकल्या, डंख नसलेल्या घाममाश्या डोळ्यांत-कानांत शिरतात, त्यासाठी तोंडावर घ्यायची बारीक जाळी हवीच. ती साधी वस्तू न नेणारे दुसऱ्याच दिवशी हैराण होतात.

पहिला दिवस: लिब्रेव्हिल

मुंबईहून आदिस अबाबामार्गे लिब्रेव्हिल हा सरळ मार्ग. व्यवहार फ्रेंचमध्ये. चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक, युरोशी 655.957 या दराने बांधलेलं, म्हणून डॉलरपेक्षा युरो न्यावेत. पुढच्या सगळ्या मुक्कामांची रोकड इथेच काढून घ्यायची, लोपेच्या गावात कार्डाचा भरवसा नाही.

दुपारी वेळ उरला तर शहराच्या उत्तरेला रापोंदा-वॉकर वनोद्यानात जावं. तिथे ओकुमेची झाडं नीट बघून घ्यायची: करडं-तांबूस खोड, बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं. आपल्याकडच्या प्लायवूडच्या धंद्यात वरच्या थराचा पापुद्रा म्हणून ओकुमे ओळखीचं आहे. 2010 मध्ये गॅबनने अख्खे ओंडके निर्यात करणं बंद केलं. तेव्हापासून लिब्रेव्हिलजवळच्या न्कोक औद्योगिक क्षेत्रात पापुद्रे काढण्याचे कारखाने उभे राहिले, त्यांत भारतीय मालकीचेही आहेत. मुंबई-पुण्याच्या कपाटांत हे जंगल आधीच येऊन बसलेलं आहे.

दुसरा दिवस: रात्रीची गाडी

ओवेंदो स्टेशनवरून ट्रान्स-गॅबन रेल्वे सुटते. फ्रान्सव्हिलपर्यंत सुमारे 650 किलोमीटरचा हा एकेरी मार्ग 1986 अखेर पूर्ण झाला. मोआंदाच्या खाणींतलं मँगनीज याच रुळांवरून बंदराकडे येतं आणि मालगाड्यांपुढे प्रवासी गाडी थांबते. उशीर गृहीत धरूनच पुढचा दिवस मोकळा ठेवायचा. तिकिटाला पासपोर्ट लागतो. डब्यात वातानुकूलन इतकं थंड असतं की विषुववृत्तावर स्वेटर आणि कानटोपी लागते. लोपेला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी बोलावून ठेवावी. स्टेशनवरून अंधारात पायी निघू नये, गावाच्या कडेने हत्ती आणि रेडे चरत असतात.

तिसरा दिवस: लोपे, गवत आणि जंगलाची सीमा

लोपे राष्ट्रीय उद्यान 4,910 चौरस किलोमीटर, 2007 पासून जागतिक वारसा. उत्तरेला ओगोवे नदीकाठी उघडी गवताळ टेकाडं आणि त्यांच्या घळींमधून जंगलाच्या अरुंद पट्ट्या, दक्षिणेला अखंड अरण्य. हिमयुगातल्या कोरड्या काळाचा हा गवताळ अवशेष टिकावा म्हणून उद्यानाचे कर्मचारी कोरड्या ऋतूत दरवर्षी गवत ठरवून जाळतात. काळपट जमीन बघून वणवा लागला असं वाटतं, पण जाळलं नाही तर काही दशकांत जंगल हे सगळं गिळून टाकेल. जळालेल्या जागी दोन-तीन आठवड्यांत कोवळे कोंब येतात आणि त्यावर रेडे उतरतात.

हा जंगली रेडा तांबडा, आखूड शिंगांचा. वजन 250 ते 320 किलो, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या काळ्या रेड्याच्या निम्म्याच्या आसपास. दिसायला गाईसारखा, स्वभावाने अजिबात नाही. गाडीतून उतरायचं नाही.

दुपारी चारनंतर घळींच्या तोंडाशी थांबायचं. हत्ती बाहेर येतो तो याच वेळी. हा वनहत्ती वेगळी जात आहे. 2021 मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीने त्याची स्वतंत्र नोंद करून तो अतिसंकटग्रस्त ठरवला. कान गोलसर, सुळे सरळ आणि जमिनीकडे झुकलेले, कारण पुढे वळलेले सुळे वेलींत अडकले असते. उंची आपल्या आशियाई हत्तीहूनही कमी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मोजणीत गॅबनमध्ये सुमारे 95,000 वनहत्ती निघाले. मोजणी हत्ती बघून केलेली नाही, हत्ती दिसतातच कुठे. लेंड्यांमधून काढलेल्या जनुकीय ओळखींवरून ती झाली.

चौथा दिवस: मॅन्ड्रिल

मॅन्ड्रिल शोधायचं काम रेडिओ-कॉलरवर चालतं. कळपातल्या काही जनावरांच्या गळ्यात पट्टा असतो आणि वाटाड्याच्या हातात अँटेना. एका टेकाडावरून दिशा घ्यायची, दुसऱ्यावर जाऊन पुन्हा घ्यायची, दोन रेघा जिथे छेदतात तिथे कळप. चूक होते ती घळीत उतरल्यावर. सिग्नल उतारावर आपटून परततो आणि उलट्या बाजूला नेतो. म्हणून खात्रीची दिशा नेहमी उंचावरूनच घेतात.

कळपाच्या मागे धावून काही हाती लागत नाही. तो तासाला किती सरकतो याचा अंदाज घेऊन पुढे जायचं, आणि एका घळीतून दुसऱ्या घळीत जाताना त्याला जी उघडी गवताची पट्टी ओलांडावी लागेल तिच्या कडेला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं. आधी आवाज येतो: नरांचे दबके दुहेरी हुंकार, माद्या-पिल्लांचं कावकाव. मग एक मादी गवतात येते, थबकते, पळत सुटते आणि मागून ओघ लागतो. लोपेतल्या कळपांची मोजणी अशाच ओलांडणीच्या जागी चित्रफीत घेऊन झाली. सरासरी 600 च्या वर, आणि सर्वांत मोठा कळप 845 चा निघाला. माकडांचा इतका मोठा, कायम एकत्र राहणारा जमाव दुसरीकडे नोंदलेला नाही. रंगीत तोंडाचे थोराड नर मादीच्या तिपटीने जड असतात, आणि ते बहुतांशी या कोरड्या, जुगणीच्या ऋतूतच कळपात येतात. बाकी वर्षभर ते एकटे हिंडतात. ऑगस्टचा आग्रह यासाठीच.

कॅमेऱ्याचं गणित ओलांडणीच्या जागी वेगळं आणि आत वेगळं. उघड्यावर 1/1000 सेकंद सहज मिळतो. झाडीत शिरताच आयएसओ 6400 ठेवूनही 1/125 वर समाधान मानावं लागतं. लांब नळीपेक्षा 70-200 ची उजेडी लेन्स बरी.

पाचवा दिवस: फळांचं जंगल

आज गाडी नाही. सकाळी सहाला वाटाड्यामागून जंगलात शिरायचं आणि हत्तीच्या वाटेवर राहायचं. ही वाट एखाद्या गावच्या पाणंदीसारखी रुंद, तुडवून घट्ट झालेली असते. ती सरळ कधी जात नाही, एका फळझाडावरून दुसऱ्यावर जाते. दोन-तीन वाटा मिळतात तिथे वर बघावं, बहुधा मोठं फळझाड असतंच. मोआबीचं झाड 60 मीटरपर्यंत जातं आणि त्याच्या बिया इतक्या मोठ्या की हत्तीखेरीज फार थोडी जनावरं त्या गिळून दूर नेऊ शकतात. लेंडी दिसली की काडीने उकलून बघावी. ताजी असेल तर माशा, ऊब आणि चकाकी. आत आठ-दहा प्रकारच्या बिया सापडतात, काहींना मोड आलेले. हत्ती खातो, काही किलोमीटर चालतो आणि खतासकट पेरतो. पुढच्या पिढीच्या हत्तींचं अन्न या वाटेकडेलाच उगवतं, आणि म्हणून वाटही तिथेच राहते.

या जंगलातली सर्वांत काळजीची गोष्ट इथेच आहे. लोपेच्या गोरिला-चिंपांझी अभ्यास केंद्रात 1980 च्या दशकापासून दरमहा ठरलेल्या झाडांखाली उभं राहून, दुर्बिणीने शेंडा बघून फूल, कच्चं फळ, पिकलं फळ यांची नोंद करतात. काम साधं, पण ते न चुकता चालत राहिलं. कॅरोलिन ट्यूटिन आणि मिशेल फर्नांडेझ या संशोधकांनी त्या नोंदींतून दाखवलं की इथल्या काही झाडांना फुलोरा येण्यासाठी कोरड्या ऋतूत रात्रीचं तापमान 19 अंशांखाली जावं लागतं. मग रात्री गरम होत गेल्या. 1986 ते 2018 या काळात पिकलं फळ मिळण्याची शक्यता 81 टक्क्यांनी घटल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्वी दहा झाडांत एकावर पिकलं फळ मिळे, आता पन्नासांहून जास्त झाडं धुंडाळावी लागतात. 2008 पासूनच्या छायाचित्रांत हत्तींच्या अंगावरचं मांस 11 टक्क्यांनी उतरलेलं दिसतं. संरक्षित जंगल, तोड नाही, शिकार थोडी, आणि तरी हत्ती रोडावले. उद्यानाच्या हद्दीला कुंपण घालून हे थांबणारं नाही.

चालताना हत्ती समोर आलाच तर तो 20 मीटरवर असतो. वाटाडा हाताने थांबवतो, वाऱ्याची दिशा बघायला मूठभर राख किंवा बारीक माती सोडतो आणि माणसांना मोठ्या बुंध्याआड घेऊन मागे सरकतो. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये सापडणं सर्वांत वाईट. ओरडायचं नाही, फोटोसाठी अर्धं पाऊलही पुढे टाकायचं नाही. वाटेवर काळी फिरती मुंग्यांची पट्टी दिसली तर एका ढांगेत ओलांडावी. तिच्यावर उभं राहिल्यास त्या आधी गुपचूप वर चढतात आणि मग सगळ्या एकदम चावतात. पँट मोज्यांत खोचण्याचं कारण हेच.

सहावा दिवस प्रवासात जातो: रेल्वेने बूए, तिथून रस्त्याने माकोकू. वाटेत रस्त्याकडेला टांगलेलं रानमांस दिसेल. विकत घेऊ नये, खाऊ नये, हाताळूही नये. याच ईशान्य भागात 1996 मध्ये मायिबू गावात मेलेला चिंपांझी कापणाऱ्यांना इबोला झाला होता. शाकाहारी माणसाला पाव, भात, केळी, वाल-राजम्यासारखी कडधान्यं आणि उकडलेली कसावाची कांडी मिळते. कसावा आंबूस लागतो आणि दोन दिवसांनी नको होतो. घरून चिक्की, भाजके पोहे, मेतकूट नेलेलं कामाला येतं.

सातवा आणि आठवा दिवस: इव्हिन्दो

माकोकूहून होडीने नदी उतरून कोंगूच्या धबधब्यांकडे. इव्हिन्दोचं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट, कुजलेल्या पानांचा अर्क उतरल्यामुळे. ऑगस्टमध्ये पातळी खाली असते, खडक वर येतात आणि होडी मध्येमध्ये उतरून ढकलावी लागते. जीवरक्षक जाकीट आपल्या मापाचं आहे का ते काठावरच घालून बघावं, पासपोर्ट आणि कॅमेरा बंद तोंडाच्या रबरी पिशवीत. होडीच्या इंजिनाला सुटा स्पार्क प्लग आणि परतीपुरतं पेट्रोल आहे का हे विचारायला लाजू नये.

धबधबा एक नाही. सुमारे तीन किलोमीटर रुंदीत, बेटांमधून, नदी असंख्य धारांनी कोसळते. तिथल्या ओल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती आणि या खोऱ्याबाहेर न सापडणारे मासे, ही 2021 मध्ये इव्हिन्दोला जागतिक वारसा ठरवण्याची मोठी कारणं होती. या माशांत विजेच्या सौम्य स्पंदनांनी गढूळ पाण्यात वाट शोधणारे, एकमेकांशी बोलणारे मासेही आहेत. याच धबधब्यावर बेलिंगाच्या लोहखाणीसाठी धरण बांधायचा घाट होता. त्याविरुद्ध लढणारे मार्क ओना एसांगी यांना 2009 मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

पहाटे काठावर शांत बसलं की राखी पोपटांचे थवे शिट्ट्या घालत जातात. 2017 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. मोठ्या काळ्या धनेशाच्या पंखांचा फुसफुसता आवाज कोकणात ऐकलेला कान लगेच ओळखतो.

उद्यानाच्या आत लांगुए हा 'बाय' आहे, म्हणजे जंगलातला उघडा, दलदलीचा तुकडा. हत्ती तिथे सोंड चिखलात खुपसून फुंकर मारतात, गाळ उडवतात आणि तळाचं क्षारयुक्त पाणी पितात. गोरिला पाणवनस्पती खायला येतात. जाण्याची परवानगी आणि सोय दर वर्षी सारखी नसते, आधी उद्यान खात्याकडे खात्री करावी. उत्तरेला मिंकेबे उद्यान आहे. तिथे 2004 ते 2014 या दहा वर्षांत हस्तिदंतासाठी सुमारे 25,000 हत्ती, म्हणजे तिथल्या संख्येच्या जवळजवळ 80 टक्के, नाहीसे झाले. वनहत्तीची मादी पहिलं पिल्लू बहुधा विशी उलटल्यावर देते आणि पुढचं पाच-सहा वर्षांनी. ही खोट भरून यायला कित्येक पिढ्या लागतील.

नववा दिवस परत लिब्रेव्हिल. दहावा दिवस पोर-जाँती, ओंबुए आणि तिथून इगेला खाजण. या दोन दिवसांत एक जोडणी चुकतेच, म्हणून गोरिलांचा परवाना अकराव्या दिवसाचा घेऊ नये.

अकरावा दिवस: लोआंगोचा किनारा

1,550 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात जंगल, गवत, खाजण आणि अटलांटिक एका नजरेत मावतात. अमेरिकी निसर्गसंरक्षक मायकेल फे यांनी काँगोपासून 1999 मध्ये सुरू केलेली सुमारे 3,200 किलोमीटरची पायपीट डिसेंबर 2000 मध्ये याच किनाऱ्यावर संपली होती. सकाळी वाळूवरच्या खुणा वाचायच्या: हत्तीचा गोल ठसा, पाणघोड्याचा चार बोटांचा, रानडुकरांनी उकरलेले खड्डे. लाल नदीडुक्कर कानांचे लांब झुपके हलवत जातं. दुपारी बोटीने समुद्रात कुबड देवमासे. लाट उंच असेल तर नावाडी नाही म्हणतो, त्याच्याशी वाद घालू नये.

बारावा आणि तेरावा दिवस: गोरिला

पश्चिमेकडचा सखल प्रदेशातला गोरिला माणसाला सरावायला फार वेळ घेतो. रवांडाच्या डोंगरातल्या गोरिलांसारखं भोवती पाल्याचं ताट नसतं. फळांच्या मागे त्याला रोज लांब जावं लागतं, आणि दाट झाडीत माग सुटतो. लोआंगोत जर्मनीच्या माक्स प्लांक संशोधन संस्थेच्या प्रकल्पाचं काम 2005 मध्ये सुरू झालं, आणि कित्येक वर्षं रोज माग काढल्यावर एक कुटुंब माणसांना जवळ येऊ देऊ लागलं.

वाटाडे आदल्या संध्याकाळच्या बिछान्यापासून सुरुवात करतात. दुमडलेल्या झुडपांच्या गाद्या, बाजूला विष्ठा, रुपेरी पाठीच्या नराची सर्वांत मोठी. तिथून चावून टाकलेले देठ, उलटी फिरलेली पानं, मुठींचे ठसे. मध्ये कमरेपर्यंत दलदल येते. चामड्याचे बूट तिथे बाद होतात, कॅनव्हासचे पाणी सोडणारे बूट आणि घट्ट मोजे बरे. कुटुंब सापडलं की मुखपट्टी लावायची, वाटाडा सांगेल तेवढं अंतर राखायचं, खाणंपिणं-थुंकणं नाही, आणि एक तास झाला की निघायचं. सर्दी-खोकला असेल तर आदल्या रात्रीच सांगून जाणं रद्द करावं. आपल्याला दोन दिवस शिंका आणणारा विषाणू अख्खं कुटुंब संपवू शकतो. परवान्याचे पैसे गेले तरी हा निर्णय स्वतःच घ्यायचा असतो, कारण लपवलेला खोकला तपासायचं यंत्र तिथे कोणाकडे नाही. तेरावा दिवस राखीव आहे, पहिल्या दिवशी माग न लागणं नेहमीचंच.

चौदावा दिवस: परत

बुटांचे तळ काठीने खरवडून धुवावेत, बिया-माती घरी आणू नये. परतल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'गॅबनहून आलो' हे सांगायचं आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करायची.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. इथली दिवसा चावणारी, लाकडाच्या धुराकडे येणारी क्रायसॉप्स माशी लोआ लोआ नावाचा जंत देते. महिन्यांनी, कधी वर्षांनी, मनगटाला येऊन-जाऊन सूज किंवा डोळ्याच्या पांढऱ्यात सरकणारा धागा दिसतो. रक्तात या जंताच्या पिल्लांची संख्या फार असताना डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची औषधं घेतली तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. थोड्या दिवसांच्या प्रवाशात एवढी संख्या क्वचित होते. पण हीच औषधं विदर्भात हत्तीरोग-निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर देतात. नागपूर-गडचिरोलीकडच्या माणसाने अशी सूज किंवा डोळ्यातली वळवळ अनुभवली असेल तर गोळ्या घेण्याआधी आरोग्यसेविकेला आफ्रिकेचा प्रवास सांगावा आणि दुपारी काढलेल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. हा जंत रक्तात दिवसा येतो, आपल्याकडच्या हत्तीरोगासारखा रात्री नाही.